मायक्रॉनची बखर

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांना नीट कळत नाही अशा या मापावर आपल्याकडचा प्लास्टिकच्या पिशव्यांविषयीचा कायदा गेली पंचवीस वर्षे उभा आहे. १९९९ मध्ये केंद्र सरकारने नव्या प्लास्टिकच्या पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली. २०११ मध्ये ती ४० झाली, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. एखाद्या राजघराण्याची वंशावळ वाचावी तसे हे आकडे एकामागून एक येतात. प्रत्येक नवा आकडा गादीवर बसला, पण आधीच्याने आपल्या कारकिर्दीत काय साधले याचा ताळेबंद मात्र क्वचितच मांडला गेला. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

त्यासाठी आम्ही दोन किनारे समोर ठेवले आहेत. एक अरबी समुद्राचा, मुंबईचा. दुसरा पॅसिफिकचा, सॅन फ्रान्सिस्को आणि बर्कली या शहरांचा. दोन्हीकडचे कायदे वेगळ्या परिस्थितीतून जन्मले, वेगळ्या न्यायालयांत लढले गेले. तरीही ते जवळजवळ एकाच आकड्यापाशी येऊन अडखळले. हा योगायोग गमतीचा वाटेल, पण त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. ज्या संस्थेला रोज सकाळी रस्ता झाडावा लागतो, गटार उपसावे लागते, तिला त्या कचऱ्याच्या जन्माविषयी नियम करण्याचा अधिकार किती असावा? पिशवीचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाला बगल देण्याचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

आरंभ पिशवीपासूनच करू. एकसंध प्लास्टिकच्या नळीतून कापलेली, वर दोन कान असलेली पिशवी स्टेन गुस्ताफ थुलिन या स्वीडिश अभियंत्याने सेलोप्लास्ट या कंपनीसाठी तयार केली आणि १९६५ मध्ये तिचे अमेरिकी पेटंट मिळाले. शिवण नाही, चिकटवण जवळजवळ नाही, वजन नगण्य, आणि तरी आपल्या वजनाच्या हजारपट भार पेलणारी ही वस्तू अभियांत्रिकीच्या दृष्टीने खरोखर देखणी होती. १९८२ च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या किराणा साखळ्यांनी ती स्वीकारली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ती आपल्याही बाजारात रुळली. आपल्या व्यापाऱ्यांनी तिला नावही अचूक दिले: झबला. तान्ह्या बाळाच्या अंगातल्या झबल्यासारखा तिचा आकार, म्हणून ते नाव.

झबला येण्यापूर्वीचे दिवस आठवताना आपल्याकडे उगाच गहिवर काढला जातो. वाणी रद्दीच्या कागदाची पुडी बांधून वर दोरा गुंडाळीत असे, तेलासाठी घरून किटली न्यावी लागे, जुन्या पँटच्या कापडाची पिशवी दाराच्या खिळ्याला लटकलेली असे, हे सारे खरे. पण पिशवी घेऊन निघणे म्हणजे खरेदीचा बेत आधीच ठरलेला असणे, आणि बहुधा खरेदीसाठी घरात एक माणूस मोकळे असणे. कचेरीतून सुटून लोकलने परतणाऱ्या बाईला फलाटाबाहेर चांगली मेथी दिसली, पावसाळ्यात बोंबील स्वस्त मिळाले, तर ते नेणार कशात? झबल्याने या प्रश्नाचे उत्तर फुकट दिले. खरेदीला तिने बेतापासून मुक्त केले. ही सोय खरी होती, आणि ती खोटी ठरवून केलेला कोणताही कायदा टिकणारा नव्हता, हे पुढील सर्व घडामोडींत ध्यानात ठेवले पाहिजे.

पिशवीविरुद्ध पहिले नियम कोणत्या देशाने नव्हे, स्थानिक संस्थांनी केले. न्यूयॉर्क राज्यातील सफोक काउंटीने १९८८ मध्ये किराणा दुकानांतील प्लास्टिकच्या पिशव्या आणि खाद्यपदार्थांची प्लास्टिकची पात्रे यांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. कचरा टाकायला जागा उरली नव्हती, हे साधे कारण. प्लास्टिक उद्योगाची संघटना न्यायालयात गेली, आणि तिने जे शस्त्र उपसले ते विलक्षण होते: पर्यावरण संरक्षणाचा कायदा. प्लास्टिकऐवजी कागद वापरला तर पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास काउंटीने केला नाही, सबब कायदा रद्द करा, असा तो युक्तिवाद. १९९१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने असा दावा लावण्याचा अधिकारच या संघटनेला नाही असा निकाल दिला. परंतु दरम्यान उत्साह ओसरला होता. अंमलबजावणी लांबत गेली, आणि त्या काउंटीत पिशवीवर पाच सेंटांचे शुल्क आले ते थेट २०१८ साली, तीस वर्षांनी.

त्याच १९८८ साली कॅलिफोर्नियातील बर्कलीने फोमच्या, म्हणजे आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्या जातीच्या खाद्यपात्रांवर बंदी घातली. त्या काळी ओझोन थराची चिंता ताजी होती आणि फोम फुगवण्यासाठी वापरली जाणारी रसायने संशयाच्या घेऱ्यात होती. अशा विरोधाच्या वातावरणातच १९९० मध्ये मॅक्डोनल्ड्सने हॅम्बर्गरची फोमची डबी सोडली. लहानशा नगराच्या नियमामागे लोकमत उभे राहिले तर जगभर पसरलेल्या कंपन्यांनाही आपली पात्रे बदलावी लागतात, हा धडा तेव्हाच मिळाला होता. उद्योगानेही तो नीट गिरवला: नगरपालिकांशी एकेक करून लढण्यापेक्षा त्यांच्या वरच्या सरकारकडून त्यांचे हात बांधून घेणे सोपे, हे त्याने ओळखले.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. आपल्या उपखंडात पिशवीवरचा राग पुराच्या पाण्यातून वर आला. १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत ढाक्याची गटारे पातळ पिशव्यांनी तुंबल्याचे दिसले आणि २००२ मध्ये बांगलादेशने अशा पिशव्यांवर देशव्यापी बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो पहिला देश. मुंबईची पाळी तीन वर्षांनी आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहर बुडाले, शेकडो माणसे गेली, आणि पाणी ओसरल्यावर गटारांच्या तोंडाशी जे दिसले त्यात प्लास्टिकच्या पिशव्या ठळक होत्या. महिनाभरातच राज्य सरकारने पिशव्यांवर बंदी जाहीर केली.

पुराची कारणे शोधण्यासाठी डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली होती तिने २००६ मध्ये अहवाल दिला. शहराची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस पेलण्यापुरतीच होती. ती सुधारण्याची ब्रिमस्टोवॅड नावाची योजना १९९३ पासून कागदावर होती. मिठी नदीचे पात्र भरावाने आणि बांधकामांनी आवळले गेले होते. या सर्वांच्या तुलनेत पिशवी ही दुय्यम आरोपी होती. ती निर्दोष नव्हती; तुंबलेल्या गटाराला ती आणखी तुंबवीत होती. परंतु नदीचे पात्र मोकळे करणे, वाहिन्या रुंदावणे, बांधकामांच्या परवानग्यांचा जाब विचारणे, या सर्वांपेक्षा पिशवीवर बंदी घालणे स्वस्त आणि तत्काळ होते. आपत्तीनंतर सरकारला काहीतरी केल्याचे दाखवावे लागते, आणि पिशवी त्यासाठी सोयीची होती. तिला मतदारसंघ नव्हता.

ती घोषणाही पुरती टिकली नाही. २००६ मध्ये जे नियम प्रत्यक्षात आले त्यांत संपूर्ण बंदीच्या जागी जाडी आली: ५० मायक्रॉनहून पातळ आणि ८ बाय १२ इंचांहून लहान पिशवी निषिद्ध. केंद्राचे माप तेव्हा २० मायक्रॉन होते, म्हणजे महाराष्ट्र देशाच्या अडीचपट कडक झाला, असे म्हणण्याची सोय झाली.

येथे थोडे थांबून जाडीच्या युक्तिवादाचा विचार केला पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा मुळीच नव्हता. कचरा वेचणाऱ्या बाया वजनावर पैसे मिळवतात. ८ बाय १२ इंचांची २० मायक्रॉनची पिशवी साधारण सव्वादोन ग्रॅम भरते; किलोभर माल जमवायला अशा चारशेच्या वर पिशव्या, त्याही चिखलातून, उष्ट्यातून, वेचाव्या लागतात. कोण वेचील? दुधाची पिशवी जाड असते, घरोघरी धुऊन ठेवली जाते, म्हणून तिला भाव येतो आणि ती रस्त्यावर क्वचित दिसते. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने संघटित केलेल्या वेचक स्त्रियांना हे अर्थशास्त्र कोणत्याही नियमावलीहून चांगले ठाऊक होते. पिशवी जाड केली की तिला भंगारात किंमत येईल, ती महाग होईल, म्हणून दुकानदार ती फुकट देणार नाही, आणि गिऱ्हाईक ती पुन्हा वापरील: अशी ती तीन पायांची मांडणी होती.

पण तिचा सगळा भार मधल्या पायावर, किमतीवर होता. पिशवी फुकटच मिळत राहिली तर? मग साधे गणित उरते. त्याच आकाराच्या ५० मायक्रॉनच्या पिशवीत अडीचपट प्लास्टिक, १२० मायक्रॉनच्या पिशवीत सहापट. जाडी सहापट झाली आणि वापर सहापटीने घटला नाही, तर कायद्याने प्लास्टिक वाढवले असेच म्हणावे लागेल. शिवाय जाडी मोजणार कोण आणि कशाने? भाजीबाजारात उभ्या असलेल्या पालिकेच्या निरीक्षकाला ४५ आणि ५० मायक्रॉनमधला फरक चिमटीत कळत नाही. त्याला उपकरण लागते. माल जप्त होतो, वाद होतो, आणि तडजोडीला जागा निर्माण होते. जे माप डोळ्यांना दिसत नाही ते माप ज्याच्या हातात उपकरण आहे त्याच्या मर्जीचे होते.

दुसऱ्या किनाऱ्यावर हाच मधला पाय कसा काढून घेतला गेला ते पाहण्यासारखे आहे. सॅन फ्रान्सिस्कोला आधी बंदी नको होती, शुल्क हवे होते. २००५ च्या आरंभी शहरात प्रत्येक पिशवीमागे १७ सेंट घेण्याचा प्रस्ताव चर्चेत आला. त्यामागे आयर्लंडचे ताजे उदाहरण होते. मार्च २००२ मध्ये तेथे पिशवीवर १५ सेंटांचा कर बसला आणि वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. जाडी मोजण्याची गरजच पडली नाही. गिऱ्हाइकाला पिशवी हवी का असे विचारले जाऊ लागले, एवढेच पुरले. परंतु कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २००६ मध्ये एक कायदा केला. वरवर तो पुनर्वापराचा होता: मोठ्या दुकानांनी जुन्या पिशव्या परत घ्याव्यात, त्यासाठी पेट्या ठेवाव्यात. त्यातच एक कलम होते की अशा दुकानांच्या पिशव्यांवर स्थानिक संस्थांनी शुल्क लावू नये.

शुल्काचा दरवाजा बंद झाला तेव्हा शहराने उरलेला दरवाजा ठोठावला. २७ मार्च २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने, रॉस मिरकारिमी यांच्या पुढाकाराने, मोठ्या किराणा दुकानांत आणि औषधांच्या साखळी दुकानांत साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. अमेरिकेतील कोणत्याही शहराची ही पहिली अशी बंदी. जगभर तिची बातमी आदर्शवादाची कथा म्हणून गेली. प्रत्यक्षात ती एका अडवलेल्या शहराची दुसरी निवड होती. सौम्य उपाय वरच्यांनी हिरावून घेतला, म्हणून कठोर उपाय करावा लागला.

मग सफोकचे नाटक नव्या पात्रांनिशी पुन्हा रंगले. कॅलिफोर्नियातील ज्या शहरांनी बंदी घातली त्यांच्याविरुद्ध प्लास्टिक पिशवीच्या बाजूच्या मंडळींनी पर्यावरण परिणामांच्या अभ्यासाचाच मुद्दा काढला: कागदी पिशवीला अधिक ऊर्जा लागते, तिच्या वाहतुकीला अधिक मालमोटारी लागतात, मग अभ्यास का केला नाही? २००८ मध्ये ओकलंडची बंदी या मुद्द्यावर कोसळली. अखेर २०११ मध्ये मॅनहॅटन बीच या छोट्या नगराच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एवढ्याशा नगराच्या बंदीने कागदाचा जो वापर वाढेल त्यासाठी सविस्तर अहवालाची गरज नाही. त्यानंतर बांध फुटल्यासारखी नगरे पुढे आली, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी बंदीला कागदी पिशवीवरच्या शुल्काची जोड दिली. उद्योगाचा युक्तिवाद पूर्णपणे पोकळ नव्हता हे आपण मान्य केले पाहिजे. एकदा वापरून टाकलेली कागदी पिशवी निष्पाप नसते. फक्त त्या युक्तिवादाचे स्वाभाविक उत्तर, म्हणजे दोन्ही पिशव्यांना किंमत लावा, हे त्याच उद्योगाला नको होते.

शहरांच्या या गोंधळाला कंटाळून २०१४ मध्ये राज्याने एकच कायदा केला. उद्योगाने सार्वमत मागितले. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी अल्प बहुमताने कायद्याला कौल दिला. पातळ पिशवी गेली. तिच्या जागी किमान दहा सेंटांना मिळणारी, पुन्हा वापरता येण्याजोगी पिशवी आली. ‘पुन्हा वापरता येण्याजोगी’ म्हणजे काय? कायद्याने काटेकोर व्याख्या केली: २२ पौंड, म्हणजे सुमारे दहा किलो भार घेऊन १७५ फूट अंतर, असे किमान १२५ वेळा जाऊ शकेल ती. आणि प्लास्टिकची असेल तर किमान सव्वादोन मिल जाडीची. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सव्वादोन मिल म्हणजे ५७ मायक्रॉन. दोन महासागरांच्या दोन टोकांना असलेले दोन कायदे येथे, पन्नाशीच्या पलीकडे, एकमेकांना भेटले.

आणि निकालही सारखाच लागला. जी पिशवी १२५ वेळा वापरता आली असती ती लोकांनी बहुधा एकदाच वापरली. कायदा पिशवीच्या शक्तीची परीक्षा घेत होता. माणसाच्या सवयीची परीक्षा त्यात नव्हती. राज्याच्या आकडेवारीनुसार किराण्याच्या व इतर मालाच्या पिशव्यांचा कचरा २०१४ मध्ये १,५७,३८५ टन होता, तो २०२१ मध्ये २,३१,०७२ टनांवर गेला. यात महासाथीचा हात आहे, हे सांगितले पाहिजे: २०२० मध्ये संसर्गाच्या भीतीने सॅन फ्रान्सिस्कोच्या आरोग्य विभागाने घरून पिशवी आणण्यास मनाई केली होती आणि राज्याने पिशवीचे शुल्कही साठ दिवस स्थगित केले होते. पण दोन महिन्यांची स्थगिती एवढी वाढ एकटी घडवीत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याने आपली चूक दुरुस्त करणारा कायदा केला: गल्ल्यापाशी कोणत्याही जाडीची प्लास्टिकची पिशवी नको. अंमलासाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरली. दहा वर्षांनी मायक्रॉन हा शब्द त्या विषयातून बाद करण्यात आला.

आपल्याकडे जो उपाय किमतीचा होता त्याचे काय झाले? २०११ च्या केंद्रीय नियमांत पिशवी फुकट देऊ नये असे स्पष्ट म्हटले होते. किंमत ठरवण्याचे काम नगरपालिकांकडे होते. २०१६ च्या नियमांनी आणखी धीट पाऊल टाकले. त्यांतील पंधराव्या नियमानुसार जो दुकानदार किंवा फेरीवाला प्लास्टिकची पिशवी देऊ इच्छितो त्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी आणि वर्षाला किमान ४८,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,००० रुपये भरावेत. ती रक्कम कचरा व्यवस्थापनासाठी वापरावी. नोंदणी न केलेल्याने पिशवी देऊच नये. आमच्या मते पिशवीच्या भारतीय इतिहासातील हा सर्वांत अर्थपूर्ण नियम होता. रक्कम ढोबळ होती. भाजीवाली ती भरूच शकत नव्हती, म्हणजे तिच्यापुरती ती बंदीच होती. तरी त्यामागचे तत्त्व पक्के होते: जो रस्ता झाडतो त्याच्या हाती किंमत लावण्याचा अधिकार.

हा नियम मूळ धरण्याआधीच उपटला गेला. २७ मार्च २०१८ रोजी केंद्राने नियमांत दुरुस्ती करून पंधरावा नियम वगळला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर अकरा वर्षे झाली होती. आणि त्याच आठवड्यात, २३ मार्चला, महाराष्ट्राने आपली बहुचर्चित बंदी अधिसूचित केली होती. शुल्काचा दरवाजा बंद, बंदीचा उघडा: तीच चाल, फक्त पात्रे वेगळी.

२०१८ ची महाराष्ट्राची अधिसूचना व्याप्तीने मोठी होती, यात शंका नाही. सर्व प्रकारच्या पिशव्या, प्लास्टिक आणि थर्माकोलची ताटे, कप, वाट्या, चमचे, सजावटीचे थर्माकोल, सारे तिच्या कक्षेत आले. दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परताव्याची किंमत छापण्याची तरतूद होती, जी दूरदृष्टीची म्हणावी लागेल. उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने स्थगिती दिली नाही. साठे संपवण्याची मुदत संपून २३ जून २०१८ रोजी कारवाई सुरू झाली तेव्हा मुंबईत पालिकेची निळ्या पोशाखातील पथके बाजारात उतरली. दंड पहिल्या खेपेस ५,०००, दुसऱ्या खेपेस १०,०००, तिसऱ्या खेपेस २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

पाच हजार रुपये ही रक्कम कारखानदाराला दिवसाच्या चहापाण्यात जमा करता येते. पदपथावर पालेभाजीच्या जुड्या लावून बसलेल्या बाईचे ते भांडवल असते. तिने पिशवी ठेवली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळते, ठेवली तर पथक येते. गिऱ्हाइकाची सवय मोडण्याचा सारा भार, त्या साखळीतील सर्वांत दुबळ्या व्यक्तीच्या डोक्यावर ठेवला गेला. उलट ज्यांना आवाज होता त्यांनी आवाज उठवला, आणि कारवाई सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना किराणा मालाच्या आवेष्टनासाठी ५० मायक्रॉनहून जाड प्लास्टिकला सवलत मिळाली. मायक्रॉन मागच्या दाराने परत आला. गटार उपसणारी महापालिका या साऱ्यात केवळ दंड वसूल करणारी यंत्रणा राहिली. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने घनकचरा हे नगरपालिकांचे काम म्हणून बाराव्या अनुसूचीत घातले आहे. काम दिले, पण त्या कामाची किल्ली दिली नाही.

खाण्याच्या भांड्यांच्या बाबतीत हीच गफलत जाडीऐवजी पदार्थाच्या रूपाने झाली. प्लास्टिक आणि थर्माकोल निषिद्ध होताच चहाच्या टपरीवर कागदी कप आले. कागदाच्या आत पॉलिथिनचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला असता. तो थर सुटा करणे भंगारवाल्याला परवडत नाही. तीच गत पत्रावळीची. पळसाच्या पानांना काड्या टोचून केलेली पत्रावळ आणि तिचा धाकटा भाऊ द्रोण हे खऱ्या अर्थाने टाकून देण्याजोगे होते; उकिरड्यावर चार दिवसांत माती होत. पुढे ती नावे तशीच राहिली आणि वस्तू बदलली: कागदावर चकचकीत रुपेरी मुलामा दिलेल्या पत्रावळी लग्नकार्यांत आल्या. महाराष्ट्राने २०२२ मध्ये अशा मुलामा दिलेल्या पात्रांवरही बंदी जाहीर केली. त्याच वर्षी १ जुलैपासून देशभर प्लास्टिकचे कप, ताटे, काटे-चमचे, स्ट्रॉ इत्यादींवर बंदी आली. यादी लांबत गेली. परंतु पदार्थाचे नाव यादीत घातले की नवा पदार्थ जन्माला येतो, हा खेळ यादी करणाऱ्याला कधीच जिंकता येत नाही.

बर्कलीने हा खेळ ओळखला असावा. जानेवारी २०१९ मध्ये तेथील नगरमंडळाने जो नियम केला त्यात एक प्रश्न नव्याने विचारला होता: वस्तू कशाची आहे यापेक्षा ती किती वेळा वापरली जाणार? उपाहारगृहात बसून खाणाऱ्यास धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या भांड्यांतच वाढले पाहिजे; टाकाऊ कपात पेय नेणाऱ्याने कपाचे २५ सेंट वेगळे द्यावेत, कप कागदाचा असो वा आणखी कशाचा. महासाथीने त्याच्या अंमलात खोडा घातला, तरी विचाराची दिशा त्यातून स्पष्ट झाली.

मराठी वाचकाला या नियमाचे नवल वाटू नये. उडप्याकडचे स्टीलचे ताट आणि इराण्याकडचा काचेचा ग्लास हेच करीत आले आहेत. गावोगावच्या देवळांत, मंडळांत लग्नाकार्यासाठी ताटे, वाट्या, पिंपे ठेवलेली असत आणि आजही काही ठिकाणी असतात. त्यांवर देणगीदाराचे नाव कोरलेले असते, मोजून न्यायची आणि घासून, मोजून परत करायची. हरवले तर भरपाई. बर्कलीत जे कलमांनी लिहावे लागले ते या वहीतल्या नोंदींत होते: सामायिक मालकी, वापराची मोजणी आणि हरवल्याची किंमत. अर्थात ती भांडी घासणारे हात कोणाचे होते, हाही प्रश्न त्या वहीत नसे. बहुतेक वेळा ते घरातल्या बायकांचे किंवा मोलाने आलेल्या बाईचे होते. टाकाऊ ताटाने त्यांना सोडवले. पिशवीप्रमाणेच येथेही सोय खरी होती. तिची जागा घेणाऱ्या व्यवस्थेला धुण्याच्या श्रमाचा मोबदला हिशेबात धरावाच लागेल.

स्थानिक संस्थांच्या हाती अधिकार द्यावा म्हटले की दोन आक्षेप येतात. एक असा की प्रत्येक गावाचा वेगळा नियम झाला तर व्यापार अडेल आणि शेजारच्या बाजारातून पिशव्या येतच राहतील. हा आक्षेप रास्त आहे; आयर्लंडने देशाच्या पातळीवरच कर लावून यश मिळवले. उत्पादनाचे नियम वरूनच यावेत. पण किमान किंमत वरून ठरवून तिच्यावर आणखी किती लावायचे आणि जमलेला पैसा गटारावर, वेचकांवर की भांड्यांच्या धुलाईवर खर्चायचा, हे खाली ठरायला काय हरकत आहे? यात्रेच्या गावाची गरज निराळी, मासळीबाजाराच्या गावाची निराळी. दुसरा आक्षेप असा की आपल्या नगरपालिका भ्रष्ट वा दुबळ्या आहेत. असतील, परंतु दंडाचे पुस्तक त्यांच्याच हाती देताना हा आक्षेप कोणी घेतला नव्हता.

या बखरीतून आम्हांस जे दिसते ते थोडक्यात असे. कायद्याने जे मोजले तेच वाढले. जाडी मोजली, जाडी वाढली. पदार्थांची नावे मोजली, नावे वाढली. वापर मात्र जिथे मोजला गेला, जिथे गिऱ्हाइकाला गल्ल्यापाशी क्षणभर थांबून पिशवी हवी का याचे उत्तर द्यावे लागले, तिथेच तो घटला. आपल्या देशाचा आकडा आज १२० वर आहे. उद्या तो दोनशेवर नेता येईल, आणि तेव्हाही आषाढातल्या पहिल्या जोरदार सरीनंतर गटाराची जाळी मोकळी करायला पालिकेचा तोच कामगार कमरेएवढ्या पाण्यात उतरेल. पिशवी वीस मायक्रॉनची आहे की दोनशेची, याने त्याच्या कामात फरक पडत नाही. तिथे किती पिशव्या आल्या, याने पडतो.